भिकुबाईंची कयी

पारोळे,
भाद्रपद वद्य पंचमी, सन १९५५

तीर्थस्वरूप आबांचे चरणी धाकटा मावसभाऊ दिगंबर याचा साष्टांग नमस्कार. इकडील मंडळी खुशाल आहेत. (खुशाल म्हणजे कुणाला ताप नाही आणि कुणावर फिर्याद नाही, एवढेच.) तिकडे वहिनींचे गुडघे, चि. पुष्पाचा गळा आणि तुमचा स्वभाव हे तिन्ही ताळ्यावर असावेत अशी आशा करतो. पहिल्या दोहोंसाठी देवाला सांगितले आहे. तिसऱ्यासाठी हे पत्र शांतपणे, शक्यतो जेवणानंतर वाचावे.

आज दुपारी माझ्यावर जो अन्याय झाला तो आधी सांगतो. जेवताना माझ्या पानातला पापड मोडला नाही. दुमडला. उडदाचा, निखाऱ्यावर नुकता भाजलेला पापड मी रीतीप्रमाणे मधोमध अंगठा देऊन दाबला, तर त्याने धुतलेल्या पंच्यासारखी घडी घातली आणि आवाज म्हणून काढला नाही. घटना लागू होऊन पाच वर्षे झाली. तीत माणसाला बोलण्याचा हक्क आहे, सभा भरवण्याचा हक्क आहे. पण करदात्या गृहस्थाला स्वतःच्या घरात स्वतःच्या पापडाचा आवाज ऐकण्याचा हक्क कुठल्या कलमात बसतो, हे मी आमच्या नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना विचारणार होतो. विचारले नाही, कारण अलीकडे ते माझ्याकडेच संशयाने पाहतात. का पाहतात तेही सांगतो. पापडाचा डबा तळघरात होता एवढे तूर्त ध्यानात ठेवावे.

आपले कार्ड पावले. कन्याशाळेत गायन शिकवणाऱ्या बाईंची जागा निघाली आहे, दसऱ्यानंतर शाळेच्या मंडळींसमोर पुष्पाला गाऊन दाखवायचे आहे, शाळेच्या पेटीवर तिचा हात बसत नाही, सबब तिची स्वतःची पेटी दसऱ्याआधी धुळ्याला पोचती करावी, असा मजकूर समजला. मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहणार याचा आम्हा उभयतांना फार आनंद झाला. पेटी सुखरूप आहे. पेटी उत्तम आहे. पेटीविषयी शेवटी सविस्तर लिहितोच. तोवर पेटीचा विचार मनात आणू नये. (आणायचाच झाला तर बसून आणावा.)

आता तळघराकडे येतो. चैत्रात तुम्ही नव्या बिऱ्हाडात जागा नाही म्हणून पेटी इकडे आणलीत, आणि खानदेशच्या उन्हाने लाकूड तडकते म्हणून ती तळघरात ठेवण्याची आज्ञा केलीत. आज्ञा पाळली. आमच्या घरमालकाच्या वडिलांनी हे तळघर कशासाठी खोदले हे तो सांगत नाही. मी विचारले तेव्हा त्याने विषय कापसाच्या भावावर नेला, यावरून काय ते ओळखावे. उन्हाळाभर मात्र ते असे गार होते की रविवारी दुपारी मी पेटीच्या शेजारी सतरंजी टाकून पडत असे. आषाढात एक दिवस भिंतीला पाठ टेकली आणि सदरा पाठीला चिकटून आला. मी तुम्हाला कार्ड टाकले. तुमचे उत्तर मला तोंडपाठ आहे: "तळघराचे दोन्ही झरोके सताड उघडे ठेव. हवा खेळती राहिली की ओल पळते." तेही मी केले. रात्रंदिवस केले. हवा अशी खेळली म्हणता, की चार दिवसांत भिंतीवरून पाण्याच्या रेघा खाली उतरू लागल्या.

आबा, जकात नाक्यावर वीस वर्षे काढलेल्या माणसाचे डोळे सरळ बघत नाहीत. गवताच्या गाडीत तुपाचे डबे असतात, आणि मुंज झालेल्या मुलाच्या सदऱ्याखाली विडीचे पुडे असतात, हे ज्याने पाहिले त्याला नुसते पाणी नुसते पाणी म्हणून दिसत नाही. ते आले कुठून, कुणी पाठवले आणि त्यात त्याचा फायदा काय, असे तीन प्रश्न मला आधी पडतात. 'कुठेतरी पाणी मुरतंय' असे इतर लोक बोलताना म्हणतात. माझ्या घरात ते भिंतीवर दिसत होते. आणि त्या भिंतीच्या पलीकडे कोण, तर भिकुबाई.

भिकुबाई ही आमची शेजारीण. मागे नवरा नाही, पुढे मूल नाही, आणि आवाज मात्र दोन्हीकडच्या वाट्याचा. तिचा भाऊ तोताराम तिकडे सावद्याकडे केळीचा बागाईतदार. त्याचे नाव ती दिवसातून इतक्यांदा घेते की मला आधीपासूनच संशय होता. तिची मोरी आमच्या तळघराच्या भिंतीला लागून. तिथे ती पहाटेपासून भांडी, लुगडी, पाय आणि गल्लीतल्या लोकांची अब्रू अशा क्रमाने धूत असते. मी मनाशी हिशेब जुळवला: इतके पाणी, एक मोरी, एक भिंत. पुरावा तेवढा हवा होता. म्हणून एका दुपारी ती बाजारात गेलेली पाहून मी नीळ कालवली आणि तिच्या मोरीत ओतली. तळघरात निळे पाणी उतरले की चोर सापडला. आमच्या सौ.चे म्हणणे पडले की, "नाक्यावरून तुम्ही घरी यावं, नाका घरी आणू नये." बायकांना तपासाचे शास्त्र कळत नाही. तळघर निळे झाले नाही. माझी बोटे झाली, मोरीचा कोपरा झाला, आणि आठवडाभर मी निळ्या बोटांनी पावत्या फाडल्या. (नाक्यावरचा शिपाई जीवराम अजून मला नमस्कार करताना आधी बोटांकडे बघतो.) निळे पाणी आले नाही याचा अर्थ भिकुबाई निर्दोष, असा एखाद्या भोळ्या माणसाने काढला असता. मी एवढाच काढला की बाई हुशार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर मशेरी लावीत बसली होती. माझ्या बोटांकडे पाहून तिने काही विचारले नाही, यावरून तिला सगळे कळले असावे. मी आडून आडून तळघराच्या ओलीचा विषय काढला, म्हणजे गुन्हेगार आपणहून काहीतरी बोलून जातो. ती मशेरीचे बोट तोंडातून न काढता म्हणाली, "तयघरमा कयी ठेवा, नाकेदारभाऊ. बठ्ठी वल पी जाई."

आता मी मूळचा नाशिककडचा असलो तरी इथली अहिराणी मला चांगली समजते. समजते म्हणजे तिचे व्याकरण मी स्वतः बसवले आहे. आपला ळ इथे य होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, तळघराचे तयघर. त्याच हिशेबाने केळीची केयी. आणि तोंडात मशेरी असली की केयीतला एकार जरा चेपतो, हे उघड आहे. तळघरात केळी ठेवा, सगळी ओल पिऊन टाकतील. ऐकताक्षणी मला पटले. ज्या पिकाला साऱ्या उन्हाळ्यात पाटाचे पाणी पुरत नाही, जे उभ्या उभ्या विहिरी पिते, ते एक तळघर पिणार नाही? तरी खात्री करावी म्हणून मी विचारले, कशी हवी? ती म्हणाली, ताजी पाहिजे, पाणी लागेल (म्हणजे लागलेली) नको. मी विचारले, किती? म्हणाली, पाटीभर तरी पाहिजे, जास्ती ठेवा तर जास्ती पी. आणि उठता उठता म्हणाली, "हात जपज्या हो, नाकेदारभाऊ." केळीचा चीक हाताला लागला की डाग जात नाही हे मला ठाऊक होते. नुकत्याच निळ्या झालेल्या हातांची तिला काळजी वाटली, म्हणून मी क्षणभर हळवाही झालो.

क्षणभरच. घरात येताच लख्ख प्रकाश पडला. केळी! आणि भाऊ कोणाचा केळीचा? म्हणजे मोरीतून ओल आधी हिनेच सोडायची, उपाय हिनेच सांगायचा, आणि माल हिच्या भावाने विकायचा. मला चुना लावण्याचा हा बेत इतका सुबक होता की मनातल्या मनात मी तिला दाद दिली. पण उपाय खोटा नव्हता, फक्त दुकान बदलायला हवे होते. तेव्हा तोतारामाला सुगावा लागू न देता मी जळगावच्या मोतीलाल नावाच्या दलालाकडून केळीचे घड मागवले. पाटीभर म्हणाली होती. मी गाडीभर मागवले. तुमची पेटी खाली आहे, तिथे मी हात आखडता घेणार नव्हतो.

गाडी आली ती भर बाजाराच्या दिवशी, माझ्याच नाक्यावरून. गाडीवानाला विचारले माल कोणाचा, तर तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "नाकेदार सायबाच्या तळघरात उतरवाचाय." आबा, नाकेदाराच्या तळघरात भरली गाडी उतरते म्हटल्यावर गावाने काय समजायचे ते समजून घेतले. मी माझ्या मालाची जकात भरली, पावती फाडली आणि ती घराच्या दाराला खिळ्याने ठोकली. त्यावर लोक म्हणाले, बघा, पावतीसुद्धा ठोकली, म्हणजे मोठेच काहीतरी असणार. मुख्याधिकारी संशयाने पाहतात ते तेव्हापासून.

घड मी स्वतः हुकांना टांगले. पेटीच्या भोवती जास्त, कारण तिथली ओल आधी प्यावी. पुढे काय झाले ते लिहायला हात धजत नाही. केळीविषयी एवढेच सांगतो की ती पाणी पिते हे खरे असले तरी प्यालेले पाणी ती स्वतःजवळ ठेवत नाही. त्या दमट जागेत साऱ्या घडांनी एकमेकांना खुणा केल्यासारखे एकदम पिकायला घेतले. पहिल्या दिवशी वास आला, दुसऱ्या दिवशी चिलटे आली, तिसऱ्या दिवशी शेजारपाजारची मुले आली. सकाळी केळ्याची शिकरण, दुपारी केळ्याची कोशिंबीर, रात्री केळे. सौ. वाढताना पानात केळे जरा जोरात ठेवी. आणि तळघर? छतावरून थेंब पडू लागले. पापडाच्या डब्यात पापडांची पुन्हा कणीक होत आली. पेटीवर तुम्ही घातलेल्या मखमली खोळीला पांढरी लव फुटली. मी खोळ काढली, भाता हलवला, आणि पुष्पाची आवडती पट्टी काळी चार, तीवर बोट ठेवले. सूर आला. चांगला आला. बोट उचलले तरी येतच राहिला. पट्टी ओलीने फुगून खाली बसली होती आणि उठायला तयार नव्हती. भात्यात वारा होता तोवर ती मोकाट रडत होती. मी अंधारात पेटीजवळ बसून राहिलो. पुष्पा मंडळींसमोर बसली आहे, पहिला सूर लावते आहे आणि तो थांबत नाही, असे डोळ्यांपुढे दिसू लागले.

तेवढ्यात वरून आवाज आला. भिकुबाई. कमरेवर हात, डोळ्यांत अंगार. ती म्हणाली, "येपार सुरू करा, नाकेदारभाऊ, आणि शेजारले समजू बी दिधं नही. मन्हा भाऊ बठ्ठा जिल्हाले केयी पुरवस, तुम्ही लेतस त्या मोतीलालपाईन. आम्हना मालले काय कीड लागेल शे का?" म्हणजे बघा, मी तिच्यावर पाळत ठेवून होतो आणि ती माझ्यावर. तिचा पक्का समज झाला होता की मी तळघरात चोरून केळी पिकवण्याचा धंदा काढला आहे, आणि तिच्या भावाला वाटा द्यावा लागेल म्हणून लपवतो आहे.

मी चिडून म्हणालो, धंदा कसला, तुम्हीच सांगितलेत केळी ठेवा म्हणून. तिने कमरेवरचे हात काढले. मग हळूहळू, तोंडात मशेरी नसताना, एकेक अक्षर सुटे करून म्हणाली, "केयी नही, भाऊ. कयी. चुनानी कयी." आणि ती तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली, पदर तोंडात कोंबला आणि इतकी हसली की वरून सौ. पाहायला आली. तिला कळले तेव्हा तीही बसली. कळी, आबा. भट्टीतून निघालेला, न विझवलेला, ढेकळांचा कळीचा चुना. भिंत पोतायला आणतात तो. पाण्याचा थेंब लागला की तापतो, हात भाजतो, म्हणून 'हात जपज्या'. आणि हवेतली ओल शोषून आपोआप फुलून त्याची फक्की होते, म्हणून 'पी जाई'. कळी म्हणजे कयी, केळी म्हणजे केयी. मधे फक्त एक मात्रा, तीही मशेरीत बुडालेली. आणि त्या मात्रेवर मी गाडीभर केळी टांगली.

हसून झाल्यावर ती खाली उतरली, भिंतीला तळवा लावला, वर पाहिले आणि विचारले, झरोके कोणी उघडे ठेवले? मी तुमचे नाव सांगितले. (खोटे कशाला बोलू.) ती म्हणाली, "पावसायामा बाहेरनी वाफ मझार येस, गार भितले भिडस, आन भितले घाम फुटस. गार पानीना तांब्याले फुटस तसा. त्या धुयाना आबाले म्हना, तुम्हनं घर तरी कोल्लं शे का?" (मझार म्हणजे आत, कोल्लं म्हणजे कोरडं.) निरोप जसाच्या तसा पोचवला आहे. माझे स्वतःचे यावर काही म्हणणे नाही. पेटी तुमची, तळघरात ठेवण्याची आज्ञा तुमची, झरोके उघडण्याची युक्ती तुमची. माझे त्यात फक्त तळघर आणि केळी.

मग बाईने ताबा घेतला. झरोके बंद करून फटींत गोणपाट कोंबले. केळी गल्लीत वाटली. वाटताना प्रत्येकाला कयी-केयीची गोष्ट फुकट दिली, त्यामुळे लाच खाल्ल्याच्या संशयातून मी गल्लीपुरता सुटलो आणि अधिक वाईट ठिकाणी जाऊन पडलो. दुपारी तळघरात निखाऱ्यांची शेगडी ठेवून दार उघडे ठेवायचे, ती विझली की काढून दार लावायचे. आणि घटस्थापनेआधी स्वतःचे घर पोतायला आणून ठेवलेली कळीची पाटी तिने घरातून आणली, मातीच्या परातींत ढेकळे मांडली आणि त्या पेटीच्या चारी बाजूंना ठेवल्या. मी मोलाचे विचारले तर म्हणाली, मोल राहू द्या. एवढे चांगले कोण वागते? मला अजून संशय आहे.

वहिनींना नमस्कार, पुष्पाला आशीर्वाद. पेटी लवकरच पाठवतो. लोभ असावा, आणि हे पत्र वाचून झाल्यावरही असावा.

आपला आज्ञाधारक (हेच तर झाले),
दिगंबर

ता. क. पेटी उत्तम आहे असे वर लिहिले आहे. ते काळी चार सोडून. पुष्पाला सहज विचारून पाहावे की त्या दिवशी तिला काळी तीन किंवा पांढरी पाच चालेल का. कारण विचारल्यास तुम्हाला स्वप्न पडले असे सांगावे, माझे नाव घेऊ नये. हे पत्र लिहिण्याचे मूळ कारण हेच होते. पापडाचे आपले निमित्त.

ता. क. दुसरा. (हे पत्र आठ दिवस टाकायचे राहिले. धीर होत नव्हता.) वरचा ता. क. रद्द समजावा. परातींतली कळी सगळी फुलून पांढरी फक्की झाली आहे, भिंतींच्या रेघा वाळल्या आहेत, आणि काल संध्याकाळी काळी चार आपणहून वर आली. मी दाबली, सोडली, दाबली, सोडली. उठते आणि गप्प बसते. शेजारून भिकुबाईंनी ओरडून विचारले, आता हे काय दुखणे? मी सांगितले, कायी चार बरी झाली. त्यांना वाटले आमची म्हैस. आमच्याकडे म्हैस नाही हे त्यांना ठाऊक आहे, पण माझ्याविषयी आता त्या कशावरही विश्वास ठेवतात. पेटी उद्याच्या धुळे गाडीने जीवरामाबरोबर पाठवतो. पुष्पाने काळी चारमध्येच गावे. पेटी तिकडे खोलीत ठेवावी, आणि कृपा करून झरोक्यांना हात लावू नये. खोळीला केळ्याचा वास येईल. तो जाईल असे म्हणतात, मला खात्री नाही.

ता. क. शेवटचा. भिकुबाईंची कळी पेटीपायी फुलून गेली आणि घटस्थापना तोंडावर आली, तरी त्यांनी एका शब्दाने मागितली नाही. हे मला फार संशयास्पद वाटले. म्हणून आज सकाळी बाजारातून ताजी कळी आणली, हात जपून विझवली आणि त्या देवळात गेल्या होत्या तेवढ्यात त्यांची आमच्याकडची भिंत पोतून टाकली, दोन हात, मोरीच्या कोपऱ्यापर्यंत. चुना पांढरा दिसावा म्हणून त्यात चिमूटभर नीळ घालतात. माझ्याकडे थोडी उरलेली होती, ती संपली.